डोळे मिटून रूबिक क्यूब: चोवीस अक्षरांची वही

४ जानेवारी

रूबिक क्यूब एकदा नीट पाहून घ्यायचा, मग डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि पुन्हा न पाहता तो सोडवायचा, हा प्रकल्प आजपासून हाती घेत आहे. उघड्या डोळ्यांनी एकेक थर लावत गेले तर मला साधारण दीड मिनिट लागते. परंतु त्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर डोळे नव्याने शोध घेतात आणि हात त्यांच्यामागून जातात, त्यामुळे इतकी वर्षे क्यूब हाताळूनही अमुक तुकडा कोठून निघाला आणि कोठे पोहोचला हे मला कधी सांगता आलेले नाही. ही उणीव मला मनापासून खटकते आणि ती दूर करण्यासाठीच हा खटाटोप आहे.

आज केवळ विचार केला. क्यूबवर चौपन्न रंगीत चौकटी दिसतात आणि त्या सर्वांचे रंग पाठ करायचे असतात, असा पाहणाऱ्यांचा समज असतो, माझाही होता. प्रत्यक्षात रंग पाठ करून काहीही साधत नाही, कारण पहिल्याच वळणाला वीस चौकटींची जागा बदलते. सहा मध्य एकमेकांच्या संदर्भात कधीच हलत नाहीत. हलतात ते आठ कोपरे आणि बारा कडा. पाठ करायचे ते या वीस तुकड्यांचे प्रवास: हा तुकडा तिकडे जाणार, तिथला पुढे आणखी कोठे जाणार, आणि ही साखळी शेवटी कोठे मिटणार. क्यूबच्या शक्य अवस्था ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतक्या आहेत, परंतु त्यांपैकी कोणतीही एक अवस्था सांगायला साधारण वीसच अक्षरे पुरतात. हे कळल्यावर काम आवाक्यातले वाटू लागले.

७ जानेवारी

पद्धत निश्चित केली. स्टेफान पोखमान यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत घेत आहे, कारण तिच्यात एका वेळी एकच तुकडा जागेवर जातो आणि बाकीचा क्यूब जसाच्या तसा राहतो. वरच्या थरातली उजवी कड ही कडांसाठी बफरची जागा, म्हणजे जिथून दर वेळी पुढचा तुकडा आपल्या खऱ्या जागी पाठवायचा ती ठरलेली जागा. टी पर्म नावाचा चौदा वळणांचा क्रम केला की वरची उजवी आणि वरची डावी या दोन कडांची अदलाबदल होते आणि त्यासोबत उजव्या बाजूचे वरचे दोन कोपरेही एकमेकांच्या जागी जातात. बफरमधल्या कडेची खरी जागा ज्या ठिकाणी असेल ते ठिकाण आधी वर डावीकडे आणायचे, टी पर्म करायचा, आणि आणताना केलेली वळणे उलट क्रमाने व उलट दिशेने मागे घ्यायची. कोपऱ्यांसाठी बफर म्हणजे वरचा, मागचा, डावा कोपरा. तेथे वाय पर्ममधून घेतलेला पंधरा वळणांचा क्रम वापरायचा.

ही पद्धत वेगाची नाही. कोणतीही अवस्था वीस किंवा त्याहून कमी वळणांत सुटू शकते, हे २०१० मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले आहे आणि माझ्या वाटेने अडीचशेहून अधिक वळणे लागणार आहेत. तरीही मला हीच वाट हवी, कारण तिच्यातले प्रत्येक पाऊल मला समजते.

१० जानेवारी

प्रत्येक चौकटीला अक्षर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. कडांच्या चोवीस चौकटींना ए पासून एक्स पर्यंतची रोमन अक्षरे आणि कोपऱ्यांच्या चोवीस चौकटींना पुन्हा तीच. तीन दिवस ती वापरून पाहिली. अक्षरे पाठ झाली, पण अक्षरांच्या जोड्यांचे काही केल्या शब्द होईनात. ‘व्ही-जी’ किंवा ‘के-एक्स’ मनात म्हटले की ते दोन आवाज राहतात आणि तिसऱ्या जोडीपर्यंत विरून जातात. शिवाय अक्षर ऐकल्यावर ते कोणत्या बाजूचे हे मोजत जावे लागते. समोरची बाजू आय पासून की जे पासून, हे मला आजही क्षणभर थांबल्याशिवाय सांगता येत नाही.

१२ जानेवारी

आज जे सुचले त्यामुळे दिवसभर आनंदात होते, म्हणून ते सविस्तर लिहिते.

क्यूबला सहा बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूवर चार कडांच्या चौकटी आहेत. आपल्या वर्णमालेत पाच वर्ग आहेत आणि प्रत्येकातले अनुनासिक वगळले तर चार-चार व्यंजने उरतात. सहावी बाजू अडेल असे वाटले होते, तोवर य, र, ल, व ही चार अंतःस्थ व्यंजने पुढे उभीच होती. सहा चोक चोवीस. वरची बाजू कवर्ग, डावी चवर्ग, समोरची टवर्ग, उजवी तवर्ग, मागची पवर्ग आणि खालची य-र-ल-व. प्रत्येक बाजूवर ठरलेल्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चार अक्षरे मांडली. कोपऱ्यांनाही हीच मांडणी.

रोमन अक्षरांची सलग रांग तोडून तिचे सहा तुकडे करावे लागत होते. येथे तुकडे आधीच पडलेले आहेत, आणि तेही उच्चारस्थानांनुसार. ‘ढ’ म्हटले की जीभ मूर्धेकडे वळते, आणि आता त्याच क्षणी मला क्यूबची समोरची बाजू दिसते. ‘भ’ म्हटले की ओठ मिटतात आणि मन मागच्या बाजूकडे जाते. लहानपणी घोकलेली ही वर्गवारी इतक्या वर्षांनी अशी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. वर्गातले पाचवे अक्षर गळते हेही मला अर्थपूर्ण वाटते, कारण प्रत्येक बाजूवर मध्य हा असाच एक घटक आहे जो मोजणीत येत नाही. ङ, ञ, ण, न, म हे पाच मध्य मानले तर खालच्या बाजूचा मध्य तेवढा बिनअक्षराचा राहतो. त्याला अक्षराची गरजही नाही.

यातून दुसरी सोय झाली. न, म, ण, श, ष, स, ह आणि ळ या व्यंजनांना कोणतीही चौकट दिलेली नसल्यामुळे ती शब्दात कोठेही आली तरी अर्थ बदलत नाही. स्वरांनाही किंमत नाही. शब्दातली मोजणीतली पहिली दोन व्यंजने तेवढी घ्यायची. म्हणून ‘वादळ’ म्हणजे व-द, ‘लाट’ म्हणजे ल-ट, ‘मासा’ म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे आकडे श्लोकांत गुंफण्यासाठी वापरली जाणारी कटपयादि पद्धत याच तत्त्वावर चालते: व्यंजनाला अंक, त्याला जोडलेल्या स्वराला किंमत नाही, त्यामुळे रचनाकाराला अर्थपूर्ण शब्द निवडायला मोकळीक मिळते. तेथे क, ट, प आणि य या चौघांनाही एकच अंक आहे आणि माझ्या वहीत ते चार वेगळ्या बाजूंचे आहेत, एवढा फरक. जोडाक्षरांचे शब्द मात्र मी टाळणार आहे, कारण ते आठवताना कोणते व्यंजन मोजले होते याचा गोंधळ होतो.

१९ जानेवारी

आठवडाभर केवळ साखळी वाचण्याचा सराव केला. कड हाताने हलवायची नाही. बफरमधली चौकट पाहायची, तिची जागा शोधायची, तिचे अक्षर लिहायचे, त्या जागी आत्ता कोण आहे ते पाहायचे आणि पुढे जायचे. प्रत्येक कडेला दोन अक्षरे असतात, हे सुरुवातीला जड गेले. समोरची उजवी कड समोरून ‘ठ’ आहे आणि उजवीकडून ‘ध’ आहे. तुकडा एकच, परंतु कोणत्या अक्षराने तो सांगितला यावर तो सुलटा बसणार की उलटा हे ठरते.

२३ जानेवारी

साखळी मध्येच मिटते तेव्हा काय करायचे ते आज नीट बसले. बफरचा स्वतःचा तुकडा सापडला आणि तरीही काही कडा चुकीच्या जागी उरल्या असतील, तर उरलेल्यांपैकी कोणत्याही एका जागेपासून नवे चक्र सुरू करायचे. त्या जागेचे अक्षर आरंभी लिहायचे आणि चक्र पूर्ण होऊन तोच तुकडा पुन्हा भेटला की शेवटीही लिहायचे. शेवटी त्याच तुकड्याचे दुसरे अक्षर आले, तर ते चक्र उलटे मिटले असे समजायचे. अशी चक्रे मोजून ठेवण्याची सवय लावून घेत आहे. तिचा उपयोग अजून पूर्ण कळलेला नाही.

३० जानेवारी

तयारीच्या वळणांची, म्हणजे हवे ते ठिकाण अदलाबदलीच्या जागी आणणाऱ्या वळणांची, यादी केली. कडांच्या बाबतीत बफर आणि उजव्या बाजूचे वरचे दोन कोपरे ही तीन ठिकाणे हलता कामा नयेत, एवढीच अट आहे. ‘घ’ आधीच जागेवर असल्यामुळे त्याला तयारी लागत नाही. ‘फ’साठी डाव्या थराचे एक सरळ वळण, ‘ढ’साठी तेच उलटे, ‘व’साठी अर्धे. कोपऱ्यांची अट याहून कडक आहे, कारण बफरच्या कोपऱ्यासोबत वरची मागची आणि वरची डावी कड जपावी लागते आणि त्यामुळे उजवा, खालचा व समोरचा हे तीनच थर फिरवता येतात. यादी पाठ करण्याऐवजी दर वेळी अटीवरून वळणे शोधून काढली. त्याला वेळ लागला, परंतु आता ती विसरली तरी पुन्हा शोधता येतील.

२ फेब्रुवारी

कोपरे उघड्या डोळ्यांनी लावून घेतले, मग उरलेल्या कडा पाठ केल्या आणि केवळ त्या डोळे मिटून सोडवल्या. सहा वेळा प्रयत्न, एकदा यश.

९ फेब्रुवारी

या आठवड्यातले अपयश वाया जाऊ द्यायचे नाही असे ठरवून, पट्टी काढल्यावर क्यूब लगेच न विस्कटता तो कसा बिघडला आहे ते प्रत्येक वेळी लिहून ठेवले. बिघाडाचे प्रकार थोडेच आहेत आणि प्रत्येक प्रकार आपले कारण सांगतो, हे पाहून मला या खेळाविषयी नवा आदर वाटू लागला.

सर्व कडा आपापल्या जागी असून दोनच उलट्या असतील, तर एखाद्या तुकड्याचे चुकीचे अक्षर घेतले गेले: ‘ध’ऐवजी ‘ठ’, किंवा ‘र’ऐवजी ‘द’. तीन कडा एकमेकींच्या जागी फिरल्या असतील, तर लागोपाठची दोन अक्षरे उलट्या क्रमाने केली गेली. बफर सामाईक असलेल्या दोन अदलाबदलींचा क्रम बदलला की फरक नेमका तीन तुकड्यांचाच पडतो. दोन कडा आणि त्यांच्यासोबत दोन कोपरे अदलाबदल झालेले असतील, तर एक अक्षर गळले आहे. आणि सगळाच क्यूब विस्कटलेला असेल, तर तयारीची वळणे चुकीच्या दिशेने मागे घेतली गेली, किंवा टी पर्मच मध्ये तुटला.

या शेवटच्या प्रकाराचे प्रमाण सर्वाधिक आहे. माझा समज होता की माझी स्मरणशक्ती कमी पडते आहे. वही सांगते की शब्द जवळजवळ नेहमी शेवटपर्यंत आठवत होते आणि हातांनी काय केले तेच आठवत नव्हते. पुढचे अक्षर आठवण्याच्या नादात मागचे वळण परत घ्यायचे राहून जाते. उपाय म्हणून तयारीचे वळण करताना त्याचे परतीचे वळण मनात उच्चारायचे आणि ते पूर्ण होईपर्यंत पुढच्या शब्दाकडे लक्ष न्यायचे नाही, असा नियम केला आहे.

१६ फेब्रुवारी

नियमाचा गुण आला. कडा दहापैकी सात वेळा सुटल्या.

२१ फेब्रुवारी

आज कोपरे जोडून घेतले आणि त्याबरोबर पॅरिटीचा, म्हणजे अदलाबदलींच्या सम-विषमतेचा, प्रश्न आला. कडांची अक्षरे विषम असतील, तर टी पर्म विषम वेळा झाल्याने उजवीकडचे वरचे दोन कोपरे अदलाबदल होऊन राहतात. कोपऱ्यांची अक्षरे विषम असतील, तर वरची मागची आणि वरची डावी या कडा अदलाबदल होऊन राहतात. या दोन्ही गोष्टी नेहमी एकत्रच घडतात. क्यूबचे कोणतेही एक पाव वळण चार कोपऱ्यांचे आणि चार कडांचे चक्र एकाच वेळी फिरवते, त्यामुळे दोघांची सम-विषमता कायम एकमेकांशी बांधलेली असते. म्हणून कोपरे आणि कडा यांच्यामध्ये सोळा वळणांचा एक जादा क्रम केला की दोन्ही अदलाबदली एकदम फिटतात.

हे समजून घेताना लक्षात आले की ही केवळ दुरुस्तीची सोय नाही, ही पडताळणीही आहे. कडांची अकरा अक्षरे आणि कोपऱ्यांची आठ असे माझ्या मनात असेल, तर पट्टी बांधण्यापूर्वीच मला कळले पाहिजे की वाचण्यात कोठेतरी चूक झाली आहे, कारण असा क्यूब अस्तित्वातच असू शकत नाही.

१ मार्च

पूर्ण क्यूबचे चार प्रयत्न केले आणि चारही फसले. चौथा मात्र इतका जवळ आला होता की पट्टी काढल्यावर काही क्षण मला तो सुटला आहे असेच वाटले. मग दोन कडा उलट्या दिसल्या: समोरची उजवी, आणि बफरची.

कागदावर मांडून पाहिले. ‘ध’च्या जागी ‘ठ’ वाचले गेले होते आणि तेथून पुढची सगळी साखळी दुसऱ्या चौकटींवरून चालली होती. सर्व बारा कडा एकाच साखळीत होत्या आणि ती साखळी ‘ख’वर मिटायला हवी असताना ‘त’वर मिटली, दोन्ही अक्षरे बफरच्याच तुकड्याची असल्यामुळे मी समाधानाने पुढे गेले. येथे २३ जानेवारीची नोंद उपयोगी पडली. क्यूबमध्ये एकच कड उलटी करणे अशक्य असते, म्हणून उलट्या मिटणाऱ्या चक्रांची संख्या नेहमी समच येते, आणि जागेवरच उलटी असलेली कड हेही एक चक्रच मानायचे. एकुलती एक साखळी असताना ती ‘त’वर मिटली, तर त्याचा अर्थ वाचणाऱ्याची चूक, दुसरा कोणताही नाही. क्यूब मला सांगत होता आणि मी ते ऐकले नाही. यापुढे दोन्ही पडताळण्या झाल्याखेरीज पट्टीला हात लावायचा नाही.

८ मार्च

जोड्यांचे शब्द वहीत उतरवण्याचे काम चालू आहे. कडांच्या चोवीस अक्षरांतून बफरची ‘ख’ आणि ‘त’ वजा केली की बावीस उरतात, आणि एकाच तुकड्याची दोन अक्षरे शेजारी घ्यायची नाहीत असे धरले तर बावीस गुणिले वीस म्हणजे ४४० जोड्या होतात. कोपऱ्यांच्या एकवीस गुणिले अठरा म्हणजे ३७८. कोपऱ्यांसाठी मात्र मी चित्रे करत नाही. कडांची चित्रे आधी मनात बसवते, शेवटी कोपऱ्यांची सात-आठ अक्षरे ठेक्यात म्हणत राहते आणि पट्टी बांधताच तोंडात असलेली तीच अक्षरे आधी सोडवून मोकळी होते. आवाजाची आठवण अल्पायुषी असते, चित्राची टिकते. म्हणून हा क्रम.

चित्रे एका ओळखीच्या घरातून चालत जाण्याच्या मार्गावर ठेवते: उंबरठा, जिना, खिडकी. ही युक्ती फार जुनी आहे आणि तिच्यात मी काहीही भर घातलेली नाही.

१५ मार्च

पाच प्रयत्न. दोन वेळा हातांची चूक, दोन वेळा पॅरिटीचा क्रम करायचा राहिला, एकदा टी पर्म दोनदा केला. वाचण्यात चूक एकही नाही.

२९ मार्च

क्यूब सुटला.

अक्षरे येथे लिहून ठेवते, कारण ती मला पुसू द्यायची नाहीत. कडा: ढ ग, घ र, थ व, ड फ, ध ब, प. कोपरे: ग ज, ख ड, भ व, छ. कडा अकरा, कोपरे सात, दोन्ही विषम. कडांची साखळी एकच आणि ती ‘ख’वर मिटली. दोन्ही पडताळण्या झाल्या.

चित्रे अशी होती: उंबरठ्यावर एक ढग अडकून बसला आहे, जिन्यावर कोणीतरी एक छोटे घर ठेवले आहे, खिडकीतून पक्ष्यांचा थवा आत येतो, भिंतीवरचा डफ त्यांच्या पंखांनी वाजतो, माळ्यावरून धबधबा कोसळतो आणि त्यातून एकच पान वाहत येते. पट्टी बांधली तेव्हा ओठांवर ‘गज, खड, भव, छ’ चालू होते. कोपरे झाले. पॅरिटीचा क्रम या वेळी आठवणीने केला, आणि मग उंबरठ्यापासून चालू लागले. थव्यापाशी ‘थ’ची तयारीची वळणे परत घेताना थांबावे लागले, खालचे दोन थर कोणत्या बाजूला नेले होते याची खात्री होईना. घाईने अंदाज करण्याचा मोह झाला. तसे न करता हात स्थिर ठेवले, आणि मनात उच्चारलेले परतीचे वळण पुन्हा ऐकू येईपर्यंत वाट पाहिली. ते आले. पान जागेवर ठेवले, शेवटचे वळण मागे घेतले, क्यूब टेबलावर ठेवला आणि पट्टी काढली. पाहण्यास सहा मिनिटे दहा सेकंद, सोडवण्यास पाच मिनिटे चोवीस सेकंद.

स्पर्धांच्या नियमांनुसार पाहण्याचा वेळही एकूण वेळेतच धरला जातो, म्हणून वहीत अकरा मिनिटे चौतीस सेकंद असेच लिहिले आहे. एका तासात अनेक क्यूब पाठ करून सलग सोडवण्याच्या प्रकारात ग्रॅहम सिगिन्स यांनी २०२२ मध्ये पासष्टपैकी बासष्ट क्यूब सोडवले होते. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता, परंतु एक क्यूब सोडवल्यानंतर आज तो प्रथमच खऱ्या आकारात दिसला.

५ एप्रिल

आठ प्रयत्नांत तीन यशस्वी. पाहण्याचा वेळ चार मिनिटांच्या आसपास आला आहे. साखळी वाचताना आता मी अक्षरे जुळवून शब्द शोधत नाही; ‘झ’नंतर ‘ड’ दिसला की झाड समोर उभे राहते.

१२ एप्रिल

कडांसाठी पोखमान यांचीच दुसरी पद्धत, एम-टू, शिकायला घेतली आहे. तिच्यात बफर खालची समोरची कड असते आणि चौदा वळणांच्या जागी मधल्या उभ्या थराचे एकच अर्धे वळण येते. मात्र बफर बदलल्यामुळे वहीतला कडांचा भाग पुन्हा मांडावा लागणार आहे: ‘य’ आणि ‘ड’ आता जोड्यांत येणार नाहीत आणि ‘ख’ व ‘त’ यांचे शब्द नव्याने हवेत. ‘डफ’ आणि ‘झाड’ कडांमधून जातील याचे वाईट वाटते. ‘ख’चे शब्द भराभर मिळाले: खग, खापर, खोका, खार. ‘त’चेही. अडले ते जुन्याच जोडीपाशी, ‘झ’ आणि ‘ढ’. दोन्ही अक्षरांनी मिळून होणारा सरळ मराठी शब्द मला सापडलेला नाही, म्हणून झोक्यावर ठेवलेल्या ढालीचे चित्र तात्पुरते लिहिले आहे आणि उद्याच्या सरावात ते टिकते का ते पाहणार आहे.